रिकामी काटवट

कोल्हापूरच्या स्टँडवर सावंतवाडीची गाडी लागली होती. मी खिडकीशी बसले होते आणि खाली रंजी उभी होती, माझी धाकटी बहीण. नऊ वर्षांची. अंगात माझाच जुना झगा, पाठीवरचं बटण तुटलेलं, तिथं पिन लावलेली. तोवर ती बरी होती. गाडीवरची पाटी मोठ्यानं वाचत होती, आजरा, आंबोली, सावंतवाडी, आणि आंबोलीत आंबं असत्यात का म्हणून मला विचारत होती. मग कंडक्टरनं दार ओढून घेतलं आणि मी म्हटलं, "जा आता घरला. आलोच मी."

रंजीचं तोंड एकदम मिटलं. ती वळली आणि चालायला लागली. गाडी हलेपर्यंतसुद्धा थांबली नाही.

आमच्याकडं बायकाही येतो-जातोच म्हणतात. येते-जाते म्हणायला मी गोव्यात आल्यावर शिकले, तेही लोक हसले म्हणून. तर मला वाटलं, पोरगी रुसली. लहान आहे, रुसायचीच. आंबोलीचा घाट उतरायला लागल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. आलोच हा आमच्या आईचा शब्द होता.

साल शहाण्णव. मी सतरा वर्षांची होते. आता पन्नाशीला टेकले. डिचोलीत घर आहे, दोन मुलगे आहेत, ते घरात कोंकणी बोलतात आणि मला हाका मारताना तेवढं मराठीत मारतात. माझी शाळा सहावीपर्यंत. पुढचं वाचायला मी किराणाच्या पुड्या सोडून शिकले, एका पुडीवरची बातमी अर्धी राहायची, उरलेली मनानं पुरी करायची. त्यामुळं लिहिताना माझं थोडं इकडंतिकडं होतं, सांभाळून घ्या. तुमच्यातले जे घर सोडून आलेत त्यांना हे सांगायचं आहेच, पण खरं सांगायचं आहे ते मागं राहिलेल्यांना. त्यातही एकीला.

उद्यमनगरच्या मागं पत्र्याच्या सात खोल्यांची ओळ होती. मधल्या भिंती छपरापर्यंत पोचल्याच नव्हत्या, पुरुषभर उंचीवर संपायच्या. वर सगळं मोकळं. एका खोलीत शिंक आली तर चौथ्या खोलीतून कोणीतरी "सत्य हाय" म्हणायचं. भांडण, खोकला, रेडिओ, सगळं सगळ्यांचं. त्यातल्या तिसऱ्या खोलीत आम्ही चौघं, आई, आबा, मी आणि रंजी.

आई चांगली असली की फार चांगली असायची. आमची डोकी मांडीवर घेऊन तेल लावायची, गाणी म्हणायची, घरात नसलेला गूळ कुठून तरी आणून पोळ्या करायची. मग एखाद्या सकाळी भिंतीकडं तोंड करून पडायची. दोन दिवस, चार दिवस. बोलायची नाही, केस विंचरायची नाही, रंजी अंगावर चढली तरी हलायची नाही. आणि पाचव्या दिवशी उठून तोंड धुवायची, पावडर लावायची, पिशवी उचलायची. "आलोच," म्हणायची. तिचं माहेर शाहूवाडीकडं, डोंगरात. कधी आठ दिवसांनी यायची, कधी महिन्यानं. एकदा आम्ही तिची नागपंचमीला वाट बघायला लागलो आणि ती दिवाळी झाल्यावर आली, दोघींना लाल रिबिनी घेऊन. कुठं होतीस म्हटल्यावर म्हणाली, "आलो न्हवं आता?"

आज अशा दुखण्याला नाव आहे, गोळ्या आहेत. तेव्हा बाहेरचं काहीतरी हाय म्हणून तिला जोतिबाला नेलं, अंगारा लावला, येताना बत्तासे आणले. तेवढंच औषध.

आबा कारखान्यात ओतकाम करायचे. हात चांगला होता, मुकादम घरी येऊन बोलावायचे. पण आबांना काम धरवत नसे. दोन महिने जायचे आणि एक दिवस डबा तसाच कट्ट्यावर ठेवून छपरावर चढायचे. छपरावर त्यांची कबुतरं होती, शर्यतीची. वीस-बावीस तरी असतील. एकेकाला नाव, एकेकाची तब्येत त्यांना ठाऊक. मी कितवीत आहे ते त्यांना कधी सांगता आलं नाही. शाळेत पालकांना बोलावलंय म्हटलं की म्हणायचे, "बघू की." वही संपली, बघू की. रंजीला ताप आलाय, बघू की. मारकुटे नव्हते हां, एक बोटसुद्धा लावलं नाही कधी. पिऊन आले तरी गप्प पडायचे. मारणारा बाप असता तर लोकांना सांगायला तरी सोपं गेलं असतं.

कबुतरांचा जोंधळा मात्र कधी संपला नाही. पत्र्याचा डबा, त्याच्यावर वीट. आबा सांगायचे, "कबुतराला घर कशानं कळतंय? दाण्यानं. एक दिस उपाशी ठिवलं की दुसऱ्याच्या छपरावर उतरलंच समज." हे ते आम्हा दोघींना सांगायचे, पोटात काही नसलेल्या दोघींना, अगदी समजावून, प्रेमानं. मी त्या डब्यातला जोंधळा चोरला आहे. मूठ मूठ काढून जात्यावर भरडला आहे. पुढं आबांच्या ध्यानात आलं, तेव्हा रागावले नाहीत. डबा छपरावर नेऊन ठेवला, बस.

आता काटवटीचं सांगते. आमच्या ओळीत संध्याकाळ झाली की सात खोल्यांत भाकरी थापल्याचा आवाज सुरू व्हायचा. लाकडी काटवट, तिच्यात पिठाचा गोळा, वरून तळहात, थप थप थप. कोण आज घाईत आहे, कोणाचं पीठ सैल झालंय, कोणाच्या घरी पावणं आल्यात, सगळं त्या आवाजावरून कळायचं. आणि कोणाच्या घरी आज थाप पडली नाही, तेही.

मी बारा वर्षांची होते, आई गेलेली, पीठ संपलेलं. शेजारच्या गौरव्वानं भिंतीवरून विचारलं, "शालन, काटवट वाजली न्हाय गं आज?" गौरव्वा कर्नाटकाच्या कडेची, मराठीत मधूनच कानडी घालायची, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, मनानं सोनं. तिनं काळजीनं विचारलं. पण ते सात खोल्यांनी ऐकलं. मग कोणी भाकरी घेऊन आलं, कोणी आमटी, आणि त्याच्याबरोबर तोंडं आली. "परत पळाली व्हय आई? कुणाबरबर?" "बा कुठाय, कबुतरावानी अंडी उबवाय बसलाय?" सगळी हसली. पहिल्या खोलीतली एक बाई माझ्या पुढ्यात ताट सरकवून म्हणाली, "खा बाई, तुझ्या आईनं टाकलं म्हणून आमी टाकतोय व्हय." मी खाल्लं. भूक होती, खाल्लं. पण ती भाकरी अजून उतरलेली नाही माझ्या घशाखाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पीठ नव्हतंच. मी काटवट घेतली, पाटावर बसले आणि नुसतीच थापायला लागले. कोरड्या लाकडावर थापलं तर आवाज टणक येतो, लगेच ओळखू येतो. मग मी फडकं ओलं केलं, त्याची चौघडी घातली आणि तिच्यावर थापलं. हुबेहूब. मध्ये थांबायचं, भाकरी तव्यावर टाकल्याएवढा वेळ. परत सुरू. चौघांच्या घरात आठ भाकरी लागतात, म्हणून आठ. रंजी समोर बसून टकामका बघत होती. आठ झाल्या आणि भिंतीपलीकडून गौरव्वा म्हणाली, "आली वाटतं आई?" मी म्हटलं, "व्हय." त्या दिवशी आमच्याकडं कोणी आलं नाही. मला काय आनंद झाला सांगू. उपाशी झोपलो, पण मान वर करून झोपलो.

असं मी पाच वर्षं केलं. रोज नाही, महिन्यातले काही दिवस. पुढं रंजी मोठी झाली, तिचे हातही तयार झाले. मी तिला शिकवलं. फडकं किती पिळायचं, थाप कशी द्यायची, शेवटी शेवटी हलका हात कसा करायचा. लोकांच्या आया लेकींना भाकरी शिकवतात. मी बहिणीला ही शिकवली.

आजऱ्याकडची सुंदराबाई म्हणून एक बाई होती, ती काजूच्या कारखान्यांत पोरी लावून द्यायची. गोव्यात डिचोलीला जागा आहे म्हणाली, राहायला खोली, दोन वेळचं जेवण. आई तेव्हा घरात होती, चांगल्या दिवसांत होती. म्हणाली, "जा की. मी हाय न्हवं रंजीला." आबा म्हणाले, बघू की. मी रंजीला मोरीत नेऊन सांगितलं, दसऱ्याला येऊन तुला घेऊन जातो. तोवर कोणाला काही कळू द्यायचं नाही. काही झालं तरी काटवट वाजली पाहिजे. तिनं मान हलवली. आणि दुसऱ्या दिवशी मी स्टँडवर आईचाच शब्द तिच्या हातात ठेवून निघाले.

कारखान्यात पहिला महिना काजूच्या टरफलाचं तेल हाताला लागून कातडी सोलून निघाली. बोटं काळी झाली. पण पोट भरत होतं. दुपारी शीत आणि हुमण, म्हणजे भात आणि माशाची आमटी, आणि पाहिजे तेवढा भात. पहिल्या आठवड्यात मी एवढा खाल्ला की ओकले, आणि ओकून परत बसले. खोलीत आम्ही सात जणी. रविवारी टेपवर गाणी लावायची, एकमेकींचे केस धुवायचे. तिथली मुकादमीण मला बाय म्हणायची, म्हणजे पोरी. "बाय, जेवलें?" असं विचारायची रोज. आमच्या घरात तो प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी भरले, गालांवर तेज आलं.

दसऱ्याच्या आधी गणपतीत, म्हणजे इकडच्या चवथीत, कारखाना पाच दिवस बंद होता. सगळ्या पोरी आपापल्या गावी गेल्या. मी गेले नाही. खोलीत जागा नाही, रंजीला आणून ठेवणार कुठं, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण ते नव्हतं. मला जायचं नव्हतं. त्या खोलीचा वास, भिंतीकडं तोंड केलेली आई, छपरावरचा तो फडफडाट, ते सगळं मला बघायचं नव्हतं. पाच दिवस मी डिचोलीतल्या एका मैत्रिणीच्या घरी राहिले, करंजीसारख्या नेवऱ्या खाल्ल्या, समुद्र बघितला. दसराही तसाच गेला. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही, रंजीलाही नाही. तिला ते माहीत आहे, ही गोष्ट वेगळी.

आमच्या ओळीच्या तोंडाशी किराणा दुकान होतं, त्याच्याकडं फोन होता. रविवारी मी करायचे. दुकानदार पोराबाळांकडून निरोप द्यायचा, आणि बहुतेक वेळा गौरव्वाच यायची. मी विचारायचे, रंजी जेवते का? आणि गौरव्वा सांगायची, "काळजी करू नगंस तायी. रोज सांजच्याला थापतीया की भाकरी. मी ऐकतो न्हवं भिंतीवरनं. लई गुणाची पोर." मी म्हणायचे, बरं झालं बाई. आणि फोन ठेवून सिनेमाला जायचे.

विचार करा. मीच ते शिकवलेलं. रंजी सोडली तर साऱ्या जगात मी एकटी होते जिला ठाऊक होतं की त्या आवाजाचा भरवसा धरायचा नाही. आणि मीच धरला. माणसाला जेव्हा जायचं नसतं, तेव्हा ते आपल्याच थापेलाही भुलतं.

मनीऑर्डर मी आबांच्या नावानं करायचे, रंजी लहान म्हणून. त्या पैशांचं काय झालं असेल ते छपरावरच्या पाखरांना विचारा.

चैत्र लागला. एका रविवारी फोनवर रंजी स्वतः आली. कशी आहेस, तर "हाय की." जेवतेस का, तर "जेवतो की." आई कशी आहे, तर "हाय." मग ती म्हणाली, "अक्का, एकटंच माणूस असलं घरात, तर किती थापायच्या?"

लाईन तुटली. मी परत लावला, लागला नाही. बूथवाला म्हणाला, "बाय, जालें?" मी म्हटलं, जालें. आणि तिथंच बाकावर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी निघाले. गाडीत स्वतःला समजावत होते, पोरगी स्वयंपाकाचं विचारत असेल, खरंच पीठ मळत असेल, आई नसेल दोन दिवस, म्हणून एकटीपुरत्या विचारत असेल. जोतिबाची यात्रा नुकतीच झालेली. स्टँडवर गुलालानं माखलेली माणसं झोपली होती. संध्याकाळची वेळ. मी चालत आमच्या ओळीत शिरले आणि दारापर्यंत पोचायच्या आतच आवाज आला. थप थप थप. आमच्याच खोलीतून. माझे पाय हलके झाले. दाराबाहेर उभी राहून मी तो आवाज ऐकला, देवळात उभं राहावं तशी. म्हटलं, आहे बाई पीठ. बनवते आहे पोरगी.

मग आत गेले.

रंजी पाटावर बसली होती, माझ्याकडं पाठ करून. स्टो गार. तवा खुंटीला. काटवटीत ओल्या फडक्याची चौघडी. झग्याच्या मागून पाठीचा मणका न् मणका दिसत होता, वळवळत होता थापेबरोबर. तोच झगा, तीच पिन. मी हाक मारली. तिनं वळून बघितलं, ओळखलं, आणि हात थांबवले नाहीत. म्हणाली, "थांब अक्का, अजून दोन राहिल्यात."

मी उभी राहिले. तिनं मध्ये थांबायचं तेवढी थांबली, तव्यावर टाकल्याएवढी. मग सातवी थापली. मग आठवी. शेवटी हात हलका केला, मी शिकवलं होतं तस्सा. फडकं पिळून दोरीवर टाकलं. आणि मग माझ्याजवळ आली.

छपरावरून आबांचा आवाज आला. "रंजे, झाल्या व्हय भाकरी? मला नगं गं. मी खाऊन आलोय."

सांगा आता, आबा त्या आवाजाला फसले होते, की त्यांनी स्वतःला फसवून घेतलं होतं? मला आजही ठरवता येत नाही. आणि त्यांना बोल लावायला जावं तर माझंच तोंड आड येतं.

आई दिवाळीपासून नव्हती. रंजीची शाळा सुटली होती, त्यामुळं शाळेतून महिन्याला मिळणारा तांदूळही सुटला होता. दुपारी ती बाजारात भाजीवाल्यांच्या मागं हिंडायची, पडलेला पाला, गाजरं. कधी छपरावर चढून जोंधळा. संध्याकाळी मात्र न चुकता घरी, काटवटीपुढं. मी सांगितलं होतं ना, काही झालं तरी.

मी गौरव्वाला हाक मारली, भिंतीवरून नाही, दारात जाऊन. ती आली. तिनं गार स्टो बघितला, दोरीवरचं फडकं बघितलं, रंजीला बघितलं. खाली बसली. म्हणाली, "शिवा शिवा. मी रोज ऐकतो की गं थापल्यालं. रोज ऐकतो." मग तिच्या ध्यानात काय आलं ते तिच्या तोंडावर दिसलं. भाकरी तव्यावर पडली की तिच्यावर पाण्याचा हात फिरवतात, आणि मग ती उलटली की चर्र होतं. थापल्यावर चर्र यायलाच पाहिजे. आमच्या खोलीतून थाप यायची, चर्र येत नव्हतं. "माझ्या तव्याचंच चर्र मी तुमचं म्हणून ऐकत हुतो," ती म्हणाली, आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला, दोन वेळा. मी तिचा हात धरला. तिचं काय चुकलं होतं?

तिनं आणलेल्या भाकरीतली अर्धी रंजीनं खाल्ली. अर्धी झग्याच्या आत लपवली.

सकाळी आम्ही दोघी निघालो. आबा छपरावरून खाली आले, रंजीच्या डोक्यावर हात ठेवला, हाताला कबुतराच्या विष्ठेचा वास. "जा," म्हणाले. "मी येतो बघायला कवातरी. बघू की." आले नाहीत. गाडीत रंजीनं माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरलं ते डिचोली येईपर्यंत सोडलं नाही. आंबोलीत एकदाच बोलली. "आंबं न्हाईत हितं," म्हणाली.

मुकादमिणीनं आम्हाला तिच्या मागच्या पडवीत जागा दिली. ज्यासाठी मी वर्षभर खोलीचं कारण सांगत होते, ती जागा विचारल्यावर एका वाक्यात मिळाली. रंजी शाळेत गेली. कोंकणी माझ्याआधी शिकली. उशीखाली पाव लपवायची, मुंग्या लागायच्या, मी काही बोलायचे नाही, नुसती चादर झटकायचे. माझं लग्न झालं, हे इथलेच, ट्रक चालवायचे, भले माणूस. रंजी आमच्यातच. घरात भाकरी आम्ही केली नाही कधी. भात, पाव, चपाती. मी ज्वारी आणली नाही आणि तिनं मागितली नाही. आबा गेल्याचं दोन हजार तीनला कळलं, दिवस झाल्यावर. कबुतरांचं काय झालं ते कोणी कळवलं नाही.

दोन हजार पाचला गौरव्वाचा फोन आला. आई परत आली आहे. त्याच खोलीत आहे. पायांनी चालवत नाही. तोंडात एकच, पोरी कुठं गेल्या.

रंजी अठरा वर्षांची होती. तिनं त्याच दिवशी पिशवी भरायला घेतली. मी तिच्यावर ओरडले. एवढी कधी कोणावर ओरडले नाही. म्हटलं, तिनं तुला टाकलं, कुत्र्याचं पिल्लू टाकतात तसं, आणि आता पाय गेले म्हणून आठवण झाली? रंजी साडीची घडी घालत होती. मान वर न करता म्हणाली, कोल्हापुरीतच म्हणाली, आठ वर्षांत पहिल्यांदा, "टाकलं तर तू बी हुतंस की अक्का. उशिरा का हुईना, तू आलीस. ती बी आलीया."

मी तिला म्हापशाच्या स्टँडवर सोडायला गेले. आता ती खिडकीत आणि मी खाली. मी म्हटलं, लवकर ये गं. ती म्हणाली, "आलोच म्हणणार न्हाय मी. जातो." आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीतून माझ्याकडं बघत राहिली. मी वळले नाही. तेवढं मी तिच्यासाठी केलं.

आईला तिनं तीन वर्षं सांभाळलं. मी एकदा गेले. आई भिंतीला टेकून बसली होती, केस पांढरे, डोळे कुठंतरी. मी कोण ते तिला कळलं का नाही, माहीत नाही. येईल त्याला ती एकच विचारायची, दूधवाल्यालाही विचारायची, मलाही विचारलं, "जेवलीस?" आयुष्यभर ज्या प्रश्नासाठी मी तरसले तो प्रश्न मला मिळाला, आणि मी दारात उभी राहून नुसती मान हलवली. जवळ जायला पाहिजे होतं. दोन हजार आठला ती गेली.

रंजी परत गोव्याला आली नाही. तिथंच राहिली, तिथंच लग्न केलं. गौरव्वा गेल्यावर तिची खोलीही तिनं घेतली. आता दोन्ही खोल्यांत मिळून ती भाकरीचं काम करते. खानावळी आणि हॉटेलवाले रोज घेऊन जातात. हाताखाली चार बायका आहेत. माझे मुलगे म्हणतात, मावशी मशीन का घेत नाही? मी म्हणते, विचारा बाबांनो तिला. मला माहीत आहे ती काय म्हणेल.

लोक मला विचारतात, तुमचं घर कुठलं? मी डिचोली सांगते, आणि ते खरं आहे. इथं माझं दार आहे, फणसाचं झाड आहे, माझी माणसं आहेत. कोल्हापूर म्हटलं की लोकांना रस्सा आठवतो, चपला आठवतात. मला भिंतीपलीकडचे आवाज आठवतात.

रोज संध्याकाळी रंजीचा फोन येतो. ती कामातच असते, फोन फळीवर ठेवून स्पीकर लावते. गप्पा फार नसतात. इकडं पाऊस, तिकडं ऊन. पोरगा नापास, पोरगी पास. मध्ये ती गप्प होते आणि थाप ऐकू येते. थप थप थप. एवढी वर्षं झाली, तरी तो आवाज आला की मी बोलायची थांबते. हातातलं काम खाली ठेवते. तिला ते कळतं. ती काही म्हणत नाही, फक्त फोन उचलून तव्याच्या जवळ धरते.

चर्र होतं.

मग मी म्हणते, बरं बाई, ठेवते आता.